आईची शुगर डायमुळे वाढली नसावी

नमस्कार ताई,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘मेडिकलवाल्याने डॉक्टरकी करू नये’ हे लागलं, पण त्यामागे आईची काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सेंटरने आईंना डाय देऊन करायच्या सीटी स्कॅनच्या (डाय म्हणजे आतले अवयव ठळक दिसावेत म्हणून टोचतात ते द्रव्य; सीटीला ते आयोडीनचं) आधी दोन आणि नंतर दोन दिवस शुगरची गोळी बंद ठेवायला सांगितली, चौथ्या दिवशी शुगर 312 निघाली, आणि मी मात्र ‘डायसाठी मेटफॉर्मिन (शुगरचं औषध) सरसकट बंद करायची गरज नसते’ असं लिहून लोकांच्या किडनीशी खेळतोय, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक. ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) 30 च्या खाली असेल, किडनीला नुकताच मार बसला असेल किंवा अँजिओग्राफीसारखा डाय धमनीतून जाणार असेल, तर गोष्ट वेगळी, हे मी एका ओळीत उरकलं होतं. ते ठळक लिहायला हवं होतं. आज लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आईंचं. क्रिएटिनिन 1.1, म्हणजे नॉर्मल, असं तुम्ही लिहिलंत. पण रक्तातल्या या टाकाऊ पदार्थाचा आकडा वय आणि लिंग धरून बघायचा, त्यावरूनच ईजीएफआर काढतात. तिशीतल्या पुरुषाचं 1.1 असेल तर ईजीएफआर नव्वदीच्या आसपास येतो. 68 वर्षांच्या बाईचं तेच 1.1 असेल तर जेमतेम 55. या आकड्याला अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांची संस्था ‘शिरेतून डाय देताना मेटफॉर्मिन चालू ठेवा’ म्हणते. तिथलंच औषध खातं 2016 पासून 30 ते 60 मध्ये ‘थांबवा’ म्हणतं. म्हणजे सेंटरने थांबवायला सांगितलं यात गैर काही नव्हतं. हे मला मान्य आहे.

पण मोजायचे 48 तास असतात ते डाय दिल्यानंतरचे. मेटफॉर्मिन किडनीला इजा करत नाही. ते लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. डायमुळे किडनी मंदावली तर ते अंगात साठून रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याची भीती. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. म्हणून तपासणीच्या वेळी थांबवायचं, दोन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा करायचं आणि ठीक असेल तर सुरू करायचं. आईंची ती दुसरी तपासणी झाली का? तुमच्या लिहिण्यात ती कुठेच नाही, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते.

तुम्ही गोळीचं नाव लिहिलंत, त्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड हे शुगरचं दुसरं औषधही आहे. ‘शुगरची गोळी बंद’ म्हटल्यावर दोन्ही औषधं चार दिवस गेली. शुगर 312 व्हायला तेवढं पुरेसं आहे, डायवर खापर फोडायची गरज नाही. काउंटरवर मी हे सारखं बघतो. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात आणि स्ट्रिपवरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. मागे एका आजोबांनी असंच ऐकून इन्सुलिनसुद्धा बंद केलं होतं. उलटंही होतं: गोळी घेऊन माणूस उपाशीपोटी रांगेत बसतो आणि ग्लिमेपिराइडमुळे शुगर खाली येऊन घामाघूम होतो. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारायचं, ‘यातलं नेमकं कुठलं औषध थांबवू, आणि त्याच्या जागी काय घेऊ?’

तुमच्या वहिनींच्या एमआरआयला गोळी बंद करायला सांगितली नाही, तेही बरोबरच होतं. तो डाय गॅडोलिनियमचा, आयोडीनचा नाही. त्यासाठी मेटफॉर्मिन सहसा थांबवत नाहीत. पेट स्कॅनला (कॅन्सरसाठी करतात तो) मात्र बरीच सेंटरं आधीच 48 तास बंद करायला सांगतात, पण ते किडनीसाठी नव्हे. मेटफॉर्मिनमुळे आतडी जास्त उजळ दिसतात आणि तिथली गाठ झाकली जाऊ शकते.

आज सकाळीच आईंचं क्रिएटिनिन करून घ्या, आणि तो रिपोर्ट व गोळीची स्ट्रिप दोन्ही घेऊन त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. काय म्हणाले ते इथे कळवाल का? मी वाट बघतोय.