फुकटचं जळण

कोकणात घर तापवायला खर्च येत नाही. ते काम मे महिना, वरचा स्लॅब आणि भावकी हे तिघे मिळून फुकट करतात. तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी, आणि तेही बारा महिने. भर वैशाखात बनियन पिळून तांब्या भरेल अशा दिवसांतसुद्धा आमच्याकडच्या जुन्या खोडांना कढत पाणीच लागतं. गार पाण्याने अंग आखडतं म्हणे. आखडण्याइतका गारवा कोकणात कुठून येतो, हे विचारायची सोय नाही.

मग विजेचं बिल येतं आणि घरातलं कोणीतरी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारतं : "परसात एवढी लाकडं कुजतायत, आणि आपण गिझर कशाला लावतोय?" हे वाक्य बहुधा ज्याच्या हातात कधीच कुऱ्हाड येणार नसते, त्याच्याच तोंडून येतं.

आधी हिशेब मांडू. चार माणसांच्या घराला सकाळी साधारण ४० लिटर कढत पाणी पुरतं, कारण बाकीचं गार विसणून घ्यायचं असतं. २५ अंशांचं पाणी ६५ अंशांवर न्यायचं, म्हणजे ४० लिटर गुणिले ४० अंश, झाल्या १,६०० किलोकॅलरी. गिझरला एवढ्यासाठी दोन युनिटं लागतात. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याचे सहाशे. गॅसवर हंडा चढवला तर रोज पाव किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळींवर दोन महिन्यांत संपतो. आणि लाकूड? उन्हात वाळलेल्या लाकडात किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. ऐकायला झकास. पण उघड्या चुलीवर त्यातला सहावा-सातवा हिस्साच हंड्याला लागतो. बाकीची उष्णता कौलांना, मांजराला आणि फुंकणाऱ्याच्या तोंडाला लागते. एकूण रोजचं तीन किलो लाकूड धरा. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे झाले साडेतीनशे किलोंच्या वर, वर्षाचे टनभर. परसात 'कुजणारी' लाकडं टनभर आहेत का, हे त्या वाक्यवाल्याने आधी मोजून यावं.

बंब असेल तर हाच हिशेब बराच हलका होतो. बंबाच्या मधोमध नळी असते, जाळ त्या नळीत आणि पाणी तिच्या भोवती. त्यामुळे आच पाण्याच्या पोटातून जाते आणि जवळजवळ निम्म्या लाकडात काम भागतं. पण एक पथ्य कडक आहे : आधी पाणी, मग काडी. रिकामा बंब पेटवला की सांधे जोडणारे झाळणाचे डाग वितळतात, आणि तांब्याच्या बंबाला डाग देणारा कारागीर आता तालुक्याच्या गावीही चटकन सापडत नाही. सापडलाच, तर तो बंबाकडे बघून आधी मान हलवतो आणि मग भाव सांगतो. सहा महिन्यांची बचत तिथेच गेली.

आता लाकूड कुठलं घ्यायचं. परसातलं सगळंच लाकूड जळतं, हा चाकरमान्याचा गैरसमज. पांगारा आणि सावर नुसतेच जागा अडवतात. वाळले की हलके फूल, आणि जळतात ते एखाद्या पाहुण्याच्या मुलीच्या लग्नातल्या उत्साहाने, म्हणजे पाच मिनिटं. शेवगा त्याहून वाईट. आंबा वाळला तर चांगला पेटतो, पण निखारा धरत नाही. दर दहा मिनिटांनी उठून नवा फोड सारावा लागतो. ऐन आणि किंजळ ही खरी जळणाची लाकडं : जड, सावकाश जळणारी, निखारा धरणारी. चिंच पेटली की लोखंड तापेल, पण ती फोडणार कोण? तिचे धागे एकमेकांत असे गुंतलेले असतात की पाचर आत जाते आणि परत येत नाही. मग ती पाचर काढायला दुसरी पाचर. सुरूचा वृक्ष उत्तम, पण ओला असतानाच फोडून घ्यावा. वाळला की कुऱ्हाड उसळते. बांबू जाळू नये असं जुनी माणसं सांगतात. शास्त्र काय ते असो, न चिरलेल्या कांड्यात कोंडलेली हवा तापली की ती फटाक्यासारखी फुटते आणि निखारा थेट धोतरावर येतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

काजूच्या टरफलांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती स्वस्तात मिळतात आणि भडाभडा जळतात. त्यांत झोंबरं तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, आणि धूर डोळ्यांत गेला तर घरातला प्रत्येक जण एकमेकांच्या गळ्यात पडून रडल्यासारखा दिसतो. बाहेरच्या चुलाणावर, वारा पाठीमागून असताना, मूठभर घातली तर ठीक. घरात नको.

आणि परसातलं झाड आपलं, म्हणून ते तोडायची मुभाही आपली, असंही नाही. झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्यात आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच ही सगळी नावं आहेत. उभं झाड पाडायचं तर परवानगी लागते. खाडीकाठच्या कांदळवनाकडे तर बघूही नये. थोडक्यात, जळायला जे उत्तम त्याला कायद्याचं संरक्षण, आणि पांगारा मोकळा.

वादळं मात्र परवानगी मागत नाहीत. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला घासून वर गेलं, आणि अनेक वाड्यांमधून जळणाचे डोंगर आडवे झाले. पण मुहूर्त बघा : दोन्ही वेळा पावसाच्या तोंडावर. पडलेल्या आंब्याच्या खोडाला पुढचे चार महिने आभाळाखालीच काढावे लागतात, आणि गणपतीपर्यंत त्यावर छत्र्या उगवलेल्या असतात.

कारण लाकूड मिळणं ही अडचण कधीच नसते. अडचण असते ती वाळण्याची. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं. तीन किलो ओलं लाकूड चुलीत घातलंत, तर आधी त्यातलं दीड लिटर पाणी उकळून वाफ होणार, मग उरलं तर तुमचं. पहिली आंघोळ लाकडाची. त्यात जाळ थंड पडतो, धूर न जळताच वर जातो आणि बंबाच्या नळीत डांबरासारखा चिकटून बसतो. ती नळी मग काठीला काथ्याचा बोळा बांधून घासावी लागते. पंधरवड्यातून एकदा घासली तर ओढ नीट राहते. नाही घासली, तर धूर वरून जायच्या ऐवजी खालून तुमच्याकडे येतो.

म्हणून जुलैच्या आंघोळीची तयारी डिसेंबरात करायची. पौषापर्यंत ओंडके पाडून घ्यायचे. चुलीसाठी हातभर लांब, बंबासाठी वीतभर, आणि जाडी मनगटाएवढी. ओंडका अख्खा ठेवला तर साल त्याला रेनकोटसारखी चिकटून असते आणि आतलं पाणी आतच राहतं. फोडला की दोन महिन्यांत हलका होतो. रचताना खाली दोन दगड, त्यांवर दोन वासे, मग फोडी. जमिनीला टेकली की वाळवी लागली म्हणून समजा. साल वरच्या बाजूला, मधून वारा जाईल इतकी फट. आमच्याकडे पुष्कळ लोक रास अशी घट्ट रचतात की तिच्यावर किल्लेदार बसवावा. दिसते सुंदर, वाळत नाही.

वाळलंय की नाही हे बघायला दोन फोडी एकमेकांवर आपटायच्या. टणटण वाजल्या तर वाळल्या, थप्प वाजल्या तर परत उन्हात. टोकाला चिरा पडलेल्या असाव्यात, साल नखाने सुटावी. एवढं करूनही संशय असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात फोड द्यावी. ते नुसतं वजन तोलतं आणि म्हणतं, "रे, ओला आसा ता. ठेव थंयच." ह्या निकालावर अपील नाही.

मग येतो मिरग. ७ जूनच्या आत सगळी रास मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, गेली पाहिजे. नेहमी वाटतं की आणखी दोन ऊनं मिळतील. हा मोह जळणाच्या धंद्यातला सर्वांत महाग मोह आहे. शिवाय आत नेलेलं लाकूडही पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतच असतं. म्हणून उद्याच्या फोडी आजच चुलीशेजारी उभ्या कराव्यात, आजच्या धगीवर उद्याच्या वाळतात. मात्र जाळाला टेकवून नव्हे. त्या वाळण्याऐवजी पेटतात आणि मग पाणी तापायच्या आधी मांगर तापतो.

मांगरातून फोडी काढताना आधी काठीने ठोकायचं आणि बॅटरी मारायची. लाकडाच्या राशीत विंचू असतो, आणि आमच्या बाजूला फुरसं हा विषारी साप असतो. फुरसं बोटभर जाड, हातभर लांब आणि वाळक्या पानाच्या रंगाचं असतं. त्याला उगाच डिवचू नये. इथे विनोद संपतो.

जुलैतल्या तरण्या-म्हाताऱ्या पावसात चूल पेटवणं ही खरी परीक्षा. रॉकेल आता मिळत नाही, ते एका अर्थी बरंच झालं, त्याच्या वासाने आंघोळ करूनही माणूस पेट्रोल पंपावरून आल्यासारखा वाटायचा. क्रम असा : आदल्या दिवसाची राख उपसायची, बोटभर थर ठेवायचा. जाळीची भोकं मोकळी करायची, कारण जाळ हवेवर जगतो, फुंकरीवर नाही. त्यावर माडाच्या वाळक्या चुडताच्या काड्या, मग करवंटीचे दोन तुकडे, मग करंगळीएवढ्या काटक्या, आणि करवंटी रसरसली की मनगटाएवढी फोड. एकदम चार फोडी कोंबल्या की हवा अडते, आणि मग फुंकणी घेऊन गालाचे फुगे करत बसावं लागतं. बंबाची नळी तोंडापर्यंत भरण्याचा उत्साहही तसाच अंगाशी येतो. निम्मी भरावी. नारळाचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, पेटवायला निरुपयोगी, पण विझू न देण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. रात्री राखेखाली एक सोडण दडपलं तर सकाळी आत निखारा सापडतो आणि काडेपेटी वाचते.

हे सगळं उघड्या पडवीत. बंद न्हाणीत पेटता बंब किंवा निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस झोप आली असं समजून कायमचा झोपतो. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून धूर जायचा, वाशांना वाळवीही लागायची नाही. स्लॅबच्या घरात तो जाणार कुठे?

हंड्याच्या बुडाला चढवायच्या आधीच राखमातीचा लेवा द्यायचा, म्हणजे काजळी लेव्याबरोबर सुटते. न देता चढवलात तर तो हंडा घासणाऱ्या बाईचं तोंड तुम्हाला आठवडाभर बघायचं आहे, आणि ते तुमच्या बचतीत धरलेलं नाही. उरलेली राख माडाच्या आळ्यात घालावी. आमच्या आंबट लाल मातीला ती मानवते.

गिझर मात्र काढून टाकू नये. तो पाहुण्यांना दाखवावा. बंबाची तोटी त्यांच्या हाती दिली तर मुंबईची माणसं शॉवरखाली उभी असल्यासारखी पाणी सोडतात, चाळीस लिटर दोन माणसांत संपतं, आणि मग ज्याने पहाटे साडेपाचला उठून काटक्या मोडल्या तो गडी शेवटी कोमट पाण्यावर अंग ओलं करून येतो. आमच्याकडे पेटवणाऱ्याचा नंबर शेवटीच असतो. हे असं का, ते विचारू नये. त्याच्या अंगाला धुराचा वास येतो, म्हणून त्याला शेवटी घालतात.