बटाटे जास्त शिजले

आमच्या महिला मंडळाने जागतिक महिला दिनानिमित्त जगभरातल्या स्त्रियांच्या आयुष्यावरचे चित्रपट दाखवायचं ठरवलं. ठराव एकमताने मंजूर झाला. पुढे वेळ ठरवायची होती, आणि तिथे एकमत जे गेलं ते परत आलंच नाही.

सकाळी दहा म्हटलं तर पोळ्यावाली दहालाच येते. अकरा म्हटलं तर नातवाची शाळेची बस. दुपारी एक म्हटलं तर ‘ह्यांना’ गरम वाढावं लागतं. हे ‘हे’ निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि दिवसभर घरीच असतात, पण गरम वाढून घेण्याच्या पदावरून ते निवृत्त झालेले नाहीत. चारला कुणाकडे पाणी येतं, पाचला कुणाची सून क्लासला निघते, सहाला दिवेलागण. रात्री नऊ म्हटलं तर अध्यक्षबाईच म्हणाल्या, “नऊला आपल्या मालिका असतात गं.” जगातल्या बायकांचे हाल बघायला पार्ल्यातल्या बायकांना सवड नव्हती. शेवटी दुपारी दीड ते पाच ही वेळ नक्की झाली. ती कुणालाच सोयीची नसल्यामुळे कुणाला भांडता आलं नाही.

चित्रपट मिळवण्याचं काम एका फिल्म सोसायटीतल्या गृहस्थांनी अंगावर घेतलं. घरी बघायला आणलेली डिस्क हॉलमध्ये लावता येत नाही, हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची परवानगी लागते. शिवाय परदेशी चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल तर सरकारकडून सूट मिळवावी लागते. हे सगळं त्यांनी निमूटपणे केलं. त्याची भरपाई त्यांनी उद्घाटनाच्या भाषणात करून घेतली. सुरुवातच १९१३ पासून. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. पुढे १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. यावर तिसऱ्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “बघ, स्वयंपाक येणारा एक पुरुष सापडला, तर त्याला लगेच बाई करून टाकलं.” हॉलमधला आवाज घुमतो. गृहस्थ पुढचं भाषण विसरले आणि आम्ही वेळेत सुरू करू शकलो.

पहिला दिवस १९८२ च्या ‘उंबरठा’चा. तो सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे पडद्यावर स्मिता पाटील आणि हॉलमध्ये चर्चासत्र असं एकदमच चाललं. नायिका सुलभाने घर सोडलं ते योग्य की अयोग्य, यावरून दोन सख्ख्या जावा रिक्षाने वेगवेगळ्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सौदी अरेबियाचा ‘वजदा’ होता, २०१२ चा. दहा वर्षांच्या मुलीला हिरवी सायकल हवी असते आणि त्या पैशांसाठी ती कुराण पठणाच्या स्पर्धेत उतरते, एवढीच गोष्ट. गीता पाठांतराची बक्षिसं घरात असलेल्या आमच्या बायकांना ती मुलगी पाच मिनिटांत ओळखीची झाली. “उच्चार सुधारले हं हिचे,” असं मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना अरबीचा गंध नाही. मध्यंतरात मी माइक घेऊन सांगितलं की दिग्दर्शिका हैफा अल मन्सूर यांना रस्त्यावर पुरुष सहकाऱ्यांबरोबर उघडपणे काम करता येत नव्हतं, म्हणून त्या व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्यायच्या. कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्याच वेळी खजिनदारबाई फोनवर घरी सांगत होत्या, “दुसऱ्या फडताळात. नाही, वरचा कप्पा. हिंगाच्या डबीच्या मागे. अहो, डोळ्यांसमोर आहे.” पार्ल्यातल्या खुर्चीत बसून त्या अंधेरीतलं स्वयंपाकघर चालवत होत्या, आणि त्यांना व्हॅनही मिळालेली नव्हती.

फोनचं मात्र डोक्यावरून पाणी गेलं. आम्ही दारात टोपली ठेवून सगळ्यांचे फोन जमा करायचं ठरवलं, तर टोपलीच वाजायला लागली. कुठला कुणाचा कळेना. एकदा मी वैतागून उचलला. पलीकडून, “दूध उतू गेलं, आता काय करू?” मी म्हटलं, “गॅस बंद करा.” पलीकडे मोठा दिलासा मिळाल्याचं जाणवलं. मी कोण, हे त्यांनी विचारलंही नाही.

तिसऱ्या दिवशी इराणचा ‘ऑफसाइड’. तिथे तेव्हा बायकांना मैदानात जाऊन पुरुषांचा फुटबॉल बघायला बंदी होती, म्हणून मुली मुलग्यांचे कपडे घालून शिरायला बघतात आणि पकडल्या जातात. त्यातल्या एकीला बाथरूमला जायचं असतं आणि मैदानात बायकांची सोयच नाही. मग शिपाई तिच्या तोंडावर खेळाडूचं पोस्टर बांधून तिला पुरुषांच्या बाथरूमकडे नेतो. लोक हसावेत म्हणूनच लिहिलेला प्रसंग, पण आमच्याकडे सन्नाटा. कारण आमच्या हॉलमधल्या लेडीज टॉयलेटला कुलूप होतं. आत लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि किल्ली ज्यांच्याकडे ते विरारला. अध्यक्षबाई उठल्या, दोघींना दाराशी पहाऱ्याला उभं केलं आणि पुरुषांचं बाथरूम ताब्यात घेतलं. पोस्टरची गरज पडली नाही. हॉलचे मॅनेजर “अहो पण” एवढंच म्हणू शकले.

समारोपाचा चित्रपट आमच्या समितीने निवडला तो एकाच निकषावर. इंग्रजी सबटायटल वाचता वाचता चित्र राहून जातं, अशी आधीच्या दिवसांत फार तक्रार झाली होती. तेव्हा ज्यात कमीत कमी बोलतात असा काढा, असा आदेश निघाला. गृहस्थांचे डोळे चमकले. शांताल अकरमन यांचा १९७५ चा, ‘जान दिएलमान’ या नावाने ओळखला जाणारा चित्रपट. दिग्दर्शिका तेव्हा पंचविशीत होती. एका ब्रिटिश मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या कौलात २०२२ साली समीक्षकांनी तो जगातला सर्वोत्तम ठरवला. बाईने केलेला चित्रपट पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. लांबी ३ तास २१ मिनिटं. ब्रुसेल्समधली एक विधवा घरकाम करते.

“आणि?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“घरकाम करते,” गृहस्थ म्हणाले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती, पण पार्ल्याच्या महिला मंडळासमोर त्यांची जीभ रेटली नसावी.

मला वाटलं, अर्ध्या तासात हॉल रिकामा. तिने भांडी घासायला घेतली आणि कॅमेरा हलेचना. डोक्यावरून विमान गेलं (पार्ल्यात ते जातंच), ती घासतेय. दुसरं विमान गेलं, ती घासतेय. मागे बसलेले चार-पाच पुरुष एव्हाना माना टाकून झोपले होते. पण बायका? बायका पुढे सरकून बसल्या होत्या. “खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद केलान बघ, शिस्तीची आहे.” “आंघोळ झाल्यावर टब लगेच घासला. आमच्याकडे घासेल कोण?” त्याआधी, अगदी सुरुवातीलाच, एक गृहस्थ घरी आले होते, आतल्या खोलीत गेले, बाहेर आले, पैसे देऊन निघून गेले. तेव्हा हॉलमध्ये क्षणभर शांतता पसरली. मी डोळे मिटले. मग आजींचा आवाज आला, “पैसे कुठे ठेवतेय बघ, सुपाच्या भांड्यात.” “आपल्या तांदळाच्या डब्यासारखंच की गं,” असं कुणी तरी म्हणालं. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मात्र तिचे बटाटे जास्त शिजले. पडद्यावर ती पातेलं हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते, ते कुठे ठेवावं तेच तिला सुचत नाही. या प्रसंगावर जगात कितीतरी लिहिलं गेलंय, असं गृहस्थांनी मला कानात सांगायला सुरुवात केली होती, तेवढ्यात खजिनदारबाई उठून उभ्याच राहिल्या. “काहीतरी बिनसलंय हिचं.” मोठ्या बाई म्हणाल्या, “बसा. दिसतंय आम्हाला.” तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडली, तेव्हा तर कुणी हललंच नाही. त्याच दिवशी तिने खिमा मळायला घेतला. “मैद्याचं काहीतरी असेल,” असं मी घाईघाईने जाहीर केलं; शेजारच्या मालवणी काकूंनी माझ्याकडे फक्त बघितलं. मळणं काही संपेना. आजी पुटपुटल्या, “हात कामात आहेत, बाई तिथे नाहीये.” गृहस्थांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

शेवटी कात्री निघते आणि जे व्हायचं ते होतं. त्या आवाजाने मागचे पुरुष जागे झाले आणि विचारायला लागले, “काय झालं? का मारलं? आधी काही दाखवलंच नव्हतं.” सगळा हॉल एकदम मागे वळला. मोठ्या बाईंनी शाळेतल्या आवाजात सांगितलं, “काल दुपारपासून दाखवताहेत.”

अभिप्रायाचे कागद मी घरी जाऊन वाचले. ‘चित्रपटाचा शेवट पटला का?’ या प्रश्नापुढे बहुतेकींनी ‘हो’ लिहिलं होतं. एकीने त्यापुढे ‘पण चहा गार होता’. ‘आणखी कोणते चित्रपट आवडतील?’ याला मात्र जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर होतं: असाच, एवढाच मोठा. मला कौतुक वाटलं आणि मी तसं अध्यक्षबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, नेहमीचा पिक्चर दोन तासांत संपतो, की लगेच ‘निघालीस का?’ सुरू होतं. काल मी साडेचारला फोन घेतला आणि सांगितलं, अजून संपला नाही. खरं बोलले गं! किती वर्षांनी.”

मी गृहस्थांना विचारलं, याहून मोठा काही आहे का. हंगेरीतला १९९४ चा एक आहे म्हणाले, सात तासांहून मोठा. पण तो काही बायकांच्या आयुष्यावरचा म्हणता येणार नाही.

हेही मी अध्यक्षबाईंना कळवलं.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “आम्ही असू की.”