सप्तकुंडाच्या काठाबद्दल

अजिंठ्याच्या पठारावरून सप्तकुंड धबधब्याच्या माथ्याकडे जाणाऱ्या पावसाळी रानवाटेचं वर्णन या लेखात छान केलंय, फोटोही सुंदर. पण 'काठापर्यंत जाऊन खाली डोकावून बघाच' हे लिहायला नको होतं. आम्ही सिल्लोडकडची माणसं, या कुंडांचा धाक बाळगूनच वाढलो.

वाघूर नदी इथे सात टप्प्यांत खाली उतरते आणि धारेखाली खोल कुंडं आहेत. खडक सगळा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. चुनखडीच्या मुलखात खडक पाण्यात विरघळून खड्डा पडतो. काळ्या पाषाणात मात्र पुराच्या भोवऱ्यात गरगरणारे दगडगोटे कातळ घासत जातात आणि कुंड कोरलं जातं. त्यामुळे कडा गुळगुळीत होतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला खाच सापडत नाही. धारेखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही. शेवाळलेल्या कातळावर बुटांचाही भरवसा धरू नये. आणि काठावर लख्ख ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झाला, की लोंढा एकाएकी येतो. तेव्हा पळायला वेळ मिळत नाही!

कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, पोरांनो. दोर, ओढणी, लांब काठी, हाताशी असेल ते टाका आणि ११२ला फोन लावा.

लेखकांना कळकळीची विनंती, ते वाक्य आजच काढा. श्रावणातली सुट्टी बघून कॉलेजची पोरं हा लेख वाचूनच निघतील.