काडी कंपनीच्या कुलपात

दुपारचे तीन. अमळनेरात मे महिना, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय आणि टेबलावरचा तळहाताएवढा कॉम्प्युटर-बोर्ड तासाभरापासून मढ्यासारखा पडलाय. बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या सिरीयल वायरवर एक अक्षर उमटत नाही. काल हाच बोर्ड, हेच मेमरी कार्ड, सिस्टिम सुरू करून देणारं हेच यू-बूट सुरळीत चालत होतं. मी काय बदललं? काही नाही. बदललं कंपनीने, तेही गुपचूप.

भानगड अशी. चिपच्या पोटात बूट रॉम असतो, म्हणजे वीज येताच चालणारा, कायमचा कोरलेला प्रोग्राम; त्याला चिपमधली चिमूटभर एसरॅम सोडून दुसरी मेमरीच ठाऊक नसते. मोठी रॅम जागी करायची तर तिचं टायमिंग जुळवणारा एक छोटा प्रोग्राम आधी चालावा लागतो. मग यू-बूट, मग कर्नल (सिस्टिमचा गाभा), मग आपलं सोवळं डेबियन, ती मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, जिच्यातलं या बोर्डाचं पॅकेज मी सांभाळतो. यू-बूट जीपीएलचं, म्हणजे सोर्स खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याचं, कर्नलही जीपीएलचा. तो पहिला प्रोग्राम मात्र कंपनीचा, नुसती बायनरी (फक्त यंत्राला वाचता येणारी फाइल), सोर्सचा पत्ता नाही. म्हणजे मांडे करायला बसलो, खापर माझं, कणीक माझी, पुरण माझं, आणि चूल पेटवायची काडी तेवढी कंपनीच्या कुलपात!

बरं, बंद तर बंद. मी काही कट्टर नाही. डेबियनवाल्यांनीही २०२२ मध्ये मतदान घेऊन हे कडू औषध गिळलं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अशा बंद फाइलींसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभागच आहे. ठेवा ना तिथे! पण ठेवायला वाटपाची परवानगी तरी लागेल की नाही? या फाइलसोबतच्या लायसन्समध्ये एकच ओळ: आमच्या उत्पादनासोबत वापरण्यास परवानगी आहे. वापरण्यास. दुसऱ्याला देण्याचं काय? जगभरच्या मिररवर, म्हणजे डेबियनच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, ठेवण्याचं काय? मूग गिळून गप्प. नवीन पॅकेज डेबियनच्या तपासणीच्या रांगेत गेलं की तिथली माणसं कॉपीराइटची फाइल ओळ न् ओळ वाचतात, आणि वाचायलाच हवी. त्यांना मी काय दाखवू, कंपनीचं मौन? तीन मेल टाकले. तिन्हींना यंत्राचं उत्तर, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे म्हणे. मोलाचा असेल तर वाचा की!

आता आजचं. ही फाइल कंपनीच्या पानावरून उतरवायची, तिचा एसएचए-२५६ (आतल्या मजकुरावरून निघणारी तपासणीची बेरीज) जुळवायचा, मगच कार्डावर भरायची इमेज बनवायची, अशी माझी स्क्रिप्ट. सकाळी बेरीज जुळेना. वाटलं, डाऊनलोड अर्धवट राहिलं. पुन्हा उतरवली, तेच. फाइलचं नाव तेच, आवृत्तीचा आकडा तोच, आतला माल वेगळा! काय बदललं याची एक ओळ नाही. अरे, गावातला किराणावालासुद्धा तुरीचा भाव वाढवला तर पाटीवर खडूने लिहितो. आणि कालची फाइल? पानावरून गायब. माझ्याकडे होती, पण नेमकी त्याच कार्डावर, जे मी सकाळी मोठ्या हुशारीने नव्याने भरलं. (हो, ही चूक माझी. आज मला कुणी शिकवायला येऊ नये.)

आणि शिव्या कुणाला? मला. एक म्हणतो, बोर्ड चालू होत नाही, पॅकेज भिकार आहे. दुसरा म्हणतो, ही घाण आत आणलीच कशाला, तत्त्वं विकली का? तत्त्वं विकून मिळालं काय, तर ही सिरीयल वायर, तीही पदरच्या पैशाने घेतलेली. सगळ्यात जास्त यू-बूटचं वाईट वाटतं. ते बिचारं पूर्ण मुक्त, पण या बोर्डाची इमेज बांधायला ही पन्नास-साठ किलोबाइटची बायनरी लागते, म्हणून त्याची रवानगी डेबियनच्या मेन या मुख्य विभागातून काँट्रिबमध्ये, म्हणजे मुक्त असून बंद मालावर अवलंबून असलेल्यांच्या विभागात. चोरी शेजाऱ्याची, फटके याला.

स्क्रिप्टमधली बेरीज बदलून नवी फाइल भरून पाहिली. त्याचाच हा मढ्यासारखा पडलेला बोर्ड. चौथा मेल लिहायला घेतला, विषयात नुसतं 'का?' असं लिहिलं, आणि लाइट गेली. आतून आईचा आवाज, "कसाले डोकं फोडी राह्यना रे, जेवाले ये ना."