अर्पणाची पावती घेणे पाप नाही

‘उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, म्हणून अर्पणाची, म्हणजे चर्चला दिलेल्या दानाची, नोंद किंवा पावती ठेवणारी मंडळी (चर्च) येशूची आज्ञा मोडते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याने भोळ्या भाविकांचे नुकसान होते.

हाताचे हे वाक्य बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले (६:१-४). तिथे येशू बोलतो ते लोकांनी वाहवा करावी म्हणून सभास्थानांत आणि रस्त्यांवर कर्णा वाजवून दान करणाऱ्यांबद्दल. त्यात हेतूला हात घातला आहे, हिशेबाला नाही. मार्काच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय १२) गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकली ती सर्वांसमोरच, आणि येशूने ती शिष्यांना दाखवूनही दिली. पहिल्या मंडळीतल्या बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या (येशूने निवडलेल्या शिष्यांच्या) चरणी ठेवले, तेही नावानिशी नोंदले गेले. लगेच पुढे त्याच मंडळीतल्या हनन्याची गोष्ट येते; त्यानेही जमीन विकली होती. त्याने कमी दिले म्हणून नव्हे, तर थोडे मागे ठेवून सगळे दिल्याचा आव आणला म्हणून प्रेषित पेत्राने त्याला जाब विचारला. शेत आणि पैसे तुझेच होते, हेही स्पष्ट सांगितले.

हिशेबाबद्दल तर प्रेषित पौल थेट लिहितो. यरुशलेममधल्या गरजू भाविकांसाठीची मदत नेताना कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून त्याने आपला सहकारी तीत याच्यासोबत इतर बंधूही पाठवले (करिंथकरांस दुसरे पत्र ८:१६-२४). आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेली संस्था वार्षिक अहवाल छापत असे.

पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) पावती जरूर मागा. भिंतीवर नाव कोरण्याची अट मात्र घालू नका.