उमपदादा कुणी पाहिले आणि कुठून पाहिले

परवा ऑफिसात डबा खाताना लोकसंगीताचा विषय निघाला. आमच्यातले एक सिनियर म्हणाले, "शाहीर विठ्ठल उमपांना मी रवींद्र नाट्य मंदिरात पाहिलंय. जांभूळ आख्यान. त्यानंतर तसं काही बघायला मिळालं नाही." मीही खुलले. म्हटलं, "आणि भीमगीतं कुठे ऐकली त्यांची?" तर ते चमच्यासकट थांबले. "भीमगीतं? ते भीमगीतंही गायचे?"

घरी येऊन मामेभावाला फोनवर हे सांगितलं, हसण्यासाठी. तो हसला नाही. म्हणाला, "ते जांभूळ प्रकरण मला माहीत नाही गं. आपल्याला उमपदादा म्हणजे जयंतीची रात्र."

माणूस एकच. दोघांनी मनापासून जीव लावलेला. आणि दोघांकडे अर्धा अर्धा.

मला तो दोन्हीकडे बघायला मिळाला, यात माझं कर्तृत्व काही नाही. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. शाहिरांचा जन्मही नायगावचाच, १५ जुलै १९३१ चा. त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याबद्दल "आपला पोरगा" याच सुरात बोललं जायचं, पोरगा पन्नाशी ओलांडून गेला तरी. १९८३ साली ते आयर्लंडमध्ये कॉर्कच्या महोत्सवात गाऊन, बक्षीस घेऊन आले, ती बातमी आमच्या मजल्यावर "उमप लंडन जिंकून आला" अशी पोचली होती. आयर्लंड कुठे हे कुणी विचारलं नाही. विमानाने जायचं ते सगळं लंडनच.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९८६ च्या एप्रिलमध्ये. चौथीची परीक्षा संपत आली होती. आंबेडकर जयंती चौदा एप्रिलची असली तरी कार्यक्रम महिनाभर चालायचे, आज या मैदानात, उद्या त्या गल्लीत. जेवणं उरकून बायका चटया घेऊन निघायच्या. पुढे पोरंटोरं, एका बाजूला बायका, मागे पुरुष उभे, आणि सगळ्यांच्या मागे ते दोन-चार जण, जे थेट गुत्त्यावरून आलेले असायचे. आधी स्थानिक गायनपार्ट्या गायच्या. निवेदक दर अर्ध्या तासाने सांगायचा, "शाहीर निघालेले आहेत." शाहीर कुठून निघालेत ते कुणालाच माहीत नसायचं. एप्रिलमध्ये गाणाऱ्यांना एका रात्रीत दोन-तीन ठिकाणी हजेरी लावावी लागायची.

त्या रात्री ते आले तेव्हा एक वाजून गेला होता. मी आईच्या मांडीवर झोपलेली. जाग आली ती आवाजाने, पण माईकमधून फुटलेल्या आवाजाने नाही. त्यांनी माईकपासून तोंड लांब धरून एकच लांब हाक मारली होती. पूर्ण मैदान गप्प. मागचे ते दोन-चार जणसुद्धा.

फेटा लाल होता. भाऊ म्हणतो पांढरा होता. यावर आमचं आजवर तीनदा भांडण झालंय आणि फोटो एकही नाही.

त्यांची एक लकब होती. ओळ म्हणत यायची, शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबायचं, तळवा वर करायचा. तो शब्द आपण म्हणायचा. हजारभर माणसं म्हणायची. मग ते कानावर हात ठेवून मान हलवायचे, "नाही ऐकू आलं." पुन्हा तीच ओळ. तिसऱ्या वेळेला झोपलेली पोरंही उठून शब्द म्हणायची. आणि मधूनच गाणं थांबवून बक्षिसं पुकारली जायची. कुणी पाच रुपये, कुणी अकरा. नाव, चाळ, खोली, सगळं माईकवरून. मग ढोलकीची एक थाप आणि गाणं जिथे सोडलं तिथूनच पुढे. सूर तसूभर हललेला नसायचा.

आमच्या बाबांनी त्या रात्री पाच रुपये दिले. गिरणी संपाला चार वर्षं होऊन गेली होती, गिरणीने बाबांना परत घेतलं नव्हतं, ते एका गोदामात रोजंदारीवर जायचे. आईने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना तीच ते गाणं गुणगुणत होती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून भुवई उडवली.

जांभूळ आख्यान पाहिलं ते पुढे दहा वर्षांनी. मला नोकरी लागली होती. पहिल्या पगारानंतर आईला विचारलं, काय पाहिजे? साडी म्हणेल वाटलं होतं. ती म्हणाली, "उमपांचं ते तिकिटाचं कायतरी असतं म्हणे, ते दाखव."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही महाभारताची लोकांनी सांगितलेली कथा. पाच पांडवांची बायको द्रौपदी कर्णाला पाहते आणि तिचं मन पाकुळतं. (हा शब्द मी तिथेच शिकले. दुसरा कुठलाही शब्द त्या जागी ठेवून बघा, जमत नाही.) कृष्णाला ते कळतं. तो सगळ्यांना वनात नेतो. तिथे झाडावरचं एकुलतं एक जांभूळ तोडलं जातं, आणि ते असतं एका तपस्व्याचं. आता ते परत देठाला लागायला हवं, आणि लागणार कधी, तर प्रत्येकाने मनातलं खरं सांगितलं तर. पांडव सांगतात. मग द्रौपदीची पाळी.

शाहीर साठीच्या पुढचे. गळ्यात कवड्यांची माळ, गोंधळ्याचा बाज, मागे संबळ. द्रौपदी व्हायला त्यांना काय लागलं? उपरण्याचं टोक डोक्यावर ओढलं, मान एवढीशी कलती केली. झालं. तो रापलेला चेहरा बाईचा झाला. प्रेक्षागृहात आधी हशा आला, कारण मिशा-बिशा सगळं तसंच होतं. तो हशा त्यांनी येऊ दिला, ओसरू दिला, आणि मग द्रौपदीला असं काही बोलायला लावलं की माझ्या शेजारच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला.

आणि मध्येच त्यांनी ती लकब केली. ओळ अर्ध्यात सोडली, तळवा वर.

शांतता.

नाट्यगृहातली माणसं शहाणी. तिकीट काढलंय, गाणाऱ्याने गायचं, आपण शेवटी टाळ्या वाजवायच्या. आता आपली पाळी आहे हे कुणाला कळलंच नाही. तेवढ्यात माझ्या बाजूने, खणखणीत, मैदानातल्या आवाजात, आईने शब्द टाकला. पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाहिरांनी अंधारात त्या दिशेला बघितलं, कपाळाला हात लावून रामराम घालावा तसं केलं, आणि ओळ पुन्हा घेतली. या खेपेला निम्म्या थिएटरने शब्द दिला.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि ते मला मांडायचंय. जांभूळ आख्यानाचं कौतुक करताना "लोककलेचा समृद्ध वारसा" वगैरे म्हणायची पद्धत आहे. वारसा होताच. पण रात्री दीड वाजता, पेंगणाऱ्या पोरांना, दिवसभर राबून आलेल्या बायकांना आणि प्यायलेल्या चार टवाळांना एका शब्दावर थांबवून ठेवायची ताकद वारशात मिळत नाही. ती मैदानात कमवावी लागते. नाट्यगृहात जे पाहून लोक थक्क झाले, त्याची तालीम आमच्यासमोर झाली होती, वर्षानुवर्षं, पाच पाच रुपयांत. म्हणून कुणी "मी उमपांचा चाहता, पण ती राजकीय गाणी सोडून" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. एका जलशाचं, म्हणजे गाण्यांतून चळवळ सांगणाऱ्या कार्यक्रमाचं, काम आपल्या दहा भाषणांएवढं असतं, असं बाबासाहेब म्हणायचे, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक निवेदक सांगायचा. जलशाची ती शाळा बाजूला काढली तर उमप उरतात किती?

उलट बाजूलाही बोलते, नाहीतर मामेभाऊ खूश होऊन शेअर करेल. आमच्या चाळीतही कुरकुर होती. "जयभीमवाला माणूस, देवादिकांची सोंगं कशाला करतो?" खंडोबा, विठ्ठल-रखुमाई, गोंधळ, सगळ्यावर आक्षेप. बाबांचे एक मित्र तर याच कारणावरून आख्यानाला कधी गेले नाहीत. आईचं यावरचं उत्तर मला अजून पटतं. ती म्हणाली होती, "देव कुठं होता त्यात? एका बाईनं पाच नवऱ्यांसमोर खरं बोलायचं, एवढंच होतं." नाट्यगृहातून घरी येताना बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं काय झालं. "काही नाही. आपल्याला नसतं बाई जमलं. जांभूळ खालीच राहिलं असतं."

शाहीर गेले २६ नोव्हेंबर २०१० ला. नागपुरात, दीक्षाभूमीवर, मंचावरच. संविधान स्वीकारल्याचा दिवस, ती जागा, आणि समोर माणसं. त्या रात्री आमच्या जुन्या शेजाऱ्यांचे इतके फोन आले की आईने शेवटी रिसीव्हर काढून ठेवला.

रात्रभराचे कार्यक्रम त्याआधीच आटोपले होते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद केले, वर्षातले थोडे दिवस बारापर्यंत सवलत. मी नियमाच्या विरोधात नाही, आमच्या घरीही आजारी माणूस होतं, डीजेचा त्रास मीही सोसलाय. पण दीड वाजता येणारा शाहीर त्या नियमात बसत नाही, एवढं खरं. आज नंदेश उमप वडिलांची गाणी, आख्यान पुढे नेतायत, आवर्जून ऐका. आणि कृपा करून, तळवा वर गेला की शब्द द्या.

आता फेट्याच्या भांडणाबद्दल. गेल्या महिन्यात माळा आवरताना भावाला एक कॅसेट मिळाली. ८६ सालची ती रात्र मजल्यावरच्या कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून भरून घेतली होती आणि तिची नक्कल बाबांना दिली होती. टेपला बुरशी लागलेली. दुरुस्तीवाल्याने बऱ्याच खटपटीनंतर अकरा मिनिटं सोडवून दिली. फेट्याचा रंग अर्थातच कळत नाही. लहान मुलाचं रडणं आहे, कुणीतरी "खाली बसा" ओरडतंय, कव्वालीच्या चालीवरचं एक गाणं अर्धवट आहे. मग ढोलकी थांबते आणि शाहीर स्वतः बक्षीस वाचतात. बाबांचं नाव, चाळ, खोली, पाच रुपये. नाव वाचताना किंचित अडखळतात, कागदावरचं अक्षर बाबांचं, म्हणजे नक्कीच वाईट असणार. पुन्हा नीट वाचतात.

बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आईने ते नाव ऐकलं आणि म्हणाली, "दोन दिवस उगाच बोलले नाही मी." मग तिने टेप मागे घ्यायला सांगितली. नाव वाचून झालं की ढोलकी पुन्हा उठते, शाहीर ओळ घेतात, शेवटच्या शब्दाच्या अलीकडे थांबतात, आणि तिथेच कॅसेटची बाजू संपते. आईने शब्द दिला.