'ब्लू मंडे' कॉम्प्युटरने रचलेलं नाही

"1983 साली न्यू ऑर्डर बँडने एक बटण दाबलं आणि कॉम्प्युटरने स्वतःच 'ब्लू मंडे' रचलं. जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक डान्स गाणं! ड्रम 808 चे. विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे कंपनीला तोटा!" हा फॉरवर्ड कीबोर्ड शिकणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिला तो खरा वाटला, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पहिलं कसलं? डोना समरचं 'आय फील लव्ह' 1977 चं आहे.

ड्रमही 808 या ड्रम मशीनचे नाहीत, ओबरहाइम डीएमएक्स या दुसऱ्या ड्रम मशीनचे आहेत. 808 ठोक्याचा आवाज इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये घडवते. डीएमएक्सच्या चिपमध्ये खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले ठोके असतात. सुरुवातीचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, ऐका: दोन सुटे ठोके, मग सलग आठ. मिनिटाला 130 मात्रांच्या आसपासच्या लयीत हे आठ ठोके एका सेकंदाच्या आत बसतात.

आता "कॉम्प्युटरने रचलं" हा शुद्ध खोटेपणा. बँडमधल्या बर्नार्ड समनरने किट आणून स्वतः जोडलेला पॉवरट्रॅन सिक्वेन्सर, म्हणजे आधी भरलेले स्वर ओळीने वाजवून घेणारं यंत्र, मूग सोर्स हा सिंथेसायझर वाजवायचा. असला सिक्वेन्सर काही सुचवत नाही, भराल तेवढंच वाजवतो. 2013 मध्ये बँडच्याच जिलियन गिल्बर्टने 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितलंय की अख्खं गाणं एकेक स्वर हाताने भरायचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी तिने स्वरांचा क्रम लिहिलेले ए-फोर कागद चिकटपट्टीने जोडून स्टुडिओच्या लांबीची पट्टी केली होती. भरताना एक स्वर राहून गेला. सिक्वेन्सरमध्ये प्रत्येक स्वर ही एक पायरी; एक पायरी गळली की पुढची प्रत्येक पायरी एक घर अलीकडे सरकते. म्हणून ती सुरावट तालाशी किंचित तिरकी चालते, आणि गाण्याची खरी गंमत तिथेच आहे. रचना कॉम्प्युटरची असती, तर स्वर विसरलं कोण? शिवाय बँडमधल्या पीटर हुकची बास गिटार आणि समनरचा आवाज कुठल्या बटणातून आला?

बटणाच्या गोष्टीत तथ्य आहे ते इतकंच: 'वन्स मोअर'ला यंत्रानेच वाजवावं असं काहीतरी बँडला हवं होतं. पण यंत्राने वाजवणं वेगळं, रचणं वेगळं.

तोट्याचं अर्धं मान्य. डिझायनर पीटर सॅव्हिलचं फ्लॉपी डिस्कसारखं, खाचा कापलेलं कव्हर महाग पडायचं, त्यामुळे सुरुवातीच्या प्रतींवर पैसे गेले असतील. किती गेले, हा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. आणि पुढच्या प्रतींची कव्हरं खाचा न कापताच छापली गेली, त्यामुळे "प्रत्येक रेकॉर्डमागे" हे चूकच.